न टिकणारा पिवळा

परवा ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली. शर्ट नवा, सांडणारा माणूस जुना, म्हणून मी काही बोलले नाही. डागाला साबण लावला, तसा तो लालभडक झाला. मग शर्ट ओला असतानाच गच्चीत उन्हात टाकला. दुपारच्या चहापर्यंत डाग उडाला होता. ह्यांना दर वेळी याचं नवल वाटतं. फौजेत वीस वर्षं काढलेल्या या माणसाला अजूनही वाटतं की मी चोरून कसलं तरी औषध वापरते.

औषध वगैरे काही नाही. हळदीचा डाग पाण्याला दाद देत नाही, साबणाला नुसता चिडतो, पण उन्हापुढे टिकत नाही. साताऱ्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. मला तर परकर नेसायच्या वयापासून हे ठाऊक आहे. आणि तरीही चार वर्षांपूर्वी, असाच माघ सरत असताना, मी एक चित्र रंगवायला घेतलं. त्यातला सगळा पिवळा रंग हळदीचा होता. ते चित्र मी ज्या मैत्रिणीला दिलं तिचं निम्मं आयुष्य हळद उन्हात वाळवण्यात गेलं होतं. इतका बिनडोकपणा मी कचेरीत कधी केला नाही.

माघ संपत आला की मला तो वास आठवतो. हळद शिजतानाचा वास. तो स्वयंपाकघरातल्या हळदीचा नव्हे. ओली माती, उकडलेलं रताळं, आणि त्यात कुणीतरी कापराची चिमूट टाकलेली, असा काहीसा. सांगलीच्या अलीकडे, कृष्णेच्या काठच्या गावांत, पूर्वी या दिवसांत एसटीच्या खिडकीतून तो आत यायचा. डोळे मिटून बसलं तरी कळायचं की आता उतरायची तयारी करावी.

माझी मैत्रीण त्रिशला तिथली. जैन शेतकऱ्याच्या घरात लग्न होऊन आलेली, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मी सरकारी कचेरीत नकाशे काढणारी बाई. माझी पहिली बदली सांगलीला झाली तेव्हा एका पाटाच्या कामासाठी त्यांच्या शिवाराचा नकाशा माझ्याकडे आला होता. तो घेऊन साहेबांबरोबर बांधावर उभी होते. पुरुष मंडळी साहेबांशी बोलत होती. ही मागून आली, माझ्या हातातल्या कागदात डोकावली आणि म्हणाली, "हीर हितं न्हाई."

"कुठली विहीर?"

"आमची. तुमी ती बांधाच्या पल्याड काडलीया. ती पल्याडच्यांना गेली तर आमी पानी कुठनं प्यायचं?"

मी पाहिलं. विहीर खरंच बांधाच्या अलीकडे होती. माझी चूक होती, निव्वळ माझी. जागेवरच पेन्सिलीने दुरुस्त केली. ती शेजारी उभी राहून रेघ पुरी होईपर्यंत बघत होती. मग म्हणाली, "आता चा घ्या." आमची मैत्री अशी सुरू झाली. तिने माझी चूक काढली, मी ती सुधारली. पुढची पंचवीस-तीस वर्षं साधारण हेच चाललं.

सांगलीतून माझी बदली परत साताऱ्याला झाली. पण हळदीच्या हंगामात चार दिवस रजा टाकून तिच्याकडे जायचं हे ठरूनच गेलं. वर्षाची हळद आणायची हे निमित्त. आमच्या घरात निमित्ताशिवाय कुणी कुठे जात नाही. मी वाढले कोयनानगरच्या वसाहतीत, वडील धरणावर कामाला. तिथे माणसं कामाला जात, कामावरून येत, आणि मधूनमधून जमीन हलली की अंगणात येऊन उभी राहत. नुसतं भेटायला म्हणून कुणाकडे जाणं मला जमत नाही. काय बोलायचं ते सुचत नाही. हातात काम असलं तर मी दिवसभर बोलू शकते.

तिच्या खळ्यावर कामाला तोटा नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत मोठी काहील असायची, तिच्यावर हळदीचीच पानं आणि वर ओली पोती अंथरलेली. फेस आला, वास बदलला की त्रिशला एक हळकुंड काढून त्यात बाभळीचा काटा टोचायची. काटा सुळकन गेला की शिजली. मी टोचलं की मला कधीच कळायचं नाही. "तुला सगळंच शिजल्यालं वाटतंय," ती म्हणायची. पुढे काहील गेली, ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला वाफेचा कुकर आला. काम पटापट उरकू लागलं. काटा मात्र तिने सोडला नाही.

एक सांगायला हवं. वाळत घातलेली हळद पिवळी नसते. हे लोकांना पटत नाही. ती मातकट असते, खडबडीत, लांबून पाहिली तर शेंगांची पसरण वाटेल. पिवळं असतं ते तिच्या आजूबाजूचं सगळं. वाळलेली हळकुंडं ड्रममध्ये घालून फिरवायला लागलं की पिवळी धूळ उठते. ती ताडपत्रीच्या कडांवर बसते, पोत्यांच्या शिवणीत बसते, बायकांच्या भुवयांवर, पाण्याच्या घागरीच्या काठावर, कुत्र्याच्या नाकावर. संध्याकाळी हात धुतले तर पाणी पिवळं, आणि हात तरीही पिवळे. चार दिवसांनी साताऱ्यात कचेरीत सही करायला पेन धरलं की शेजारची बाई विचारायची, "कुणाची हळद लागली?"

आणि संध्याकाळचं जेवण. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. पहिल्या वर्षी माझी एसटी कराडजवळ बंद पडली आणि मी पोचले तेव्हा दिवे लागले होते. त्यांचं सगळं आवरलेलं. मला भूक लागलेली, पण सांगायची लाज वाटली. त्रिशलाने काही न विचारता भाकरी टाकायला घेतली.

"अगं, तुमच्यात चालत नाही ना?"

"मला न्हाई चालत. तू कुठं आमच्यात हाईस? जेव."

मी जेवले आणि ती समोर नुसती बसली, भाकरी गरम गरम ताटात टाकत. त्यानंतर मी नेहमी लवकरची एसटी धरली. तिने स्वतः न खाता समोर बसून मला वाढावं हे मला दुसऱ्यांदा सहन झालं नसतं. कांदा, बटाटा, लसूण त्यांच्या घरात नाही. जमिनीखालचं काही खात नाहीत. एकदा मी विचारलं, "मग हळद कशी चालते? तीही जमिनीखालचीच."

"वल्ली न्हाई चालत. वाळल्यावर चालती."

"वाळल्यावर काय बदलतं?"

"वल्लीत जीव आसतो. पुन्यांदा मातीत घातली तर उगवती ती." मग तिने माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "तू नकाशेवाली हाईस. तुला शास्त्रातलं नको सांगायला."

त्या चित्राच्या आधीच्या श्रावणात तिचे यजमान गेले. आण्णा म्हणायचे सगळे त्यांना. कमी बोलणारा, हळदीच्या पोत्यावर हात ठेवून झोपणारा माणूस. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. त्या माघात मी नेहमीप्रमाणे गेले. हळद निघाली होती, शिजली होती, ड्रम फिरत होता. मला वाटलं, बाईने सावरलं. तिसऱ्या दिवशी पोती शिवता शिवता ती म्हणाली, "ह्यो शेवटचा."

"कोण शेवटचा?"

"हंगाम. पुढल्या साली धाकटे दीर ऊस लावनार हाईत. खळ्यावर शेड घालत्यात ट्रॅक्टरला. माणसं कुठं मिळत्यात हळदीला? मी स्नेहलकडं जाते. मलकापूरला."

स्नेहल तिची मुलगी, मलकापूरला बँकेत नोकरी, कराडला लागूनच नवीन इमारतीत फ्लॅट. चांगली पोरगी. आईला बोलावत होती, आईने जाण्यात काही चूक नव्हती. दीरही भला माणूस. कुणीच वाईट नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मी सुई पोत्यात खुपसली आणि पहिला विचार मनात आला तो असा: मग मी माघात कुठे जाऊ?

हा विचार स्वार्थी होता, पण खरा होता. मलकापूर साताऱ्याहून जवळ, निम्म्या वाटेवर. अंतर कमीच होणार होतं. पण तिथे जाऊन मी करणार काय? सोफ्यावर बसणार, पोहे खाणार, स्नेहलला नोकरी कशी चाललीय विचारणार, आणि दीड तासाने पर्स उचलणार. दोन-तीनदा असं झालं की एक वर्ष चुकणार, मग दुसरं. आमच्या वयाच्या बायकांच्या मैत्र्या अशाच जातात, भांडण न होता. सण आला की फोनवर फुलांचे फोटो येतात आणि दोघीही ते न बघता पुढे ढकलतात. मला ते नको होतं. पण तसं तोंडाने सांगणं आम्हा दोघींनाही जमण्यातलं नव्हतं.

साताऱ्यात परतल्यावर मी ठरवलं, तिला खळं काढून द्यायचं. तिची पाठवणी व्हायला दोन महिने होते. तीस वर्षं मी धरणं, पाट, विहिरी, बांध काढले, तेव्हा एक खळं काय अवघड? आता तर सगळं संगणकावर होतं आणि माझी जुनी पेनं खोक्यात पडून होती. एका रविवारी ती धुतली, काळी शाई भरली आणि बसले. संध्याकाळपर्यंत चित्र तयार. हे चहा घेऊन आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. मोजणी कधी आहे?"

मी लांब धरून पाहिलं. वरून दिसणारं खळं, प्रमाणात काढलेलं. विहीर म्हणजे गोल, आंब्याचं झाड म्हणजे गोलात फुली. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. सवयीने तो आधीच काढून झाला होता.

तो कागद गुंडाळून ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी खळ्याच्या कडेला घागर ठेवतात तिथे बसून दिसतं तसं. हे मला अवघड गेलं. नकाशात आपण कुठेच नसतो, वरून बघतो. चित्रात आधी कुठे बसायचं ते ठरवावं लागतं. मी सहा-सात रविवार घालवले. ड्रम काढला, त्याचा दांडा काढला. पोत्यांची थप्पी, पडवीची कौलं, विहिरीचा रहाट. माणसं जमेनात. आण्णांना मी पोत्यावर आडवं केलं, तोंडावर टोपी ठेवून. तसे ते झोपतही असत, त्यामुळे खोटं काही झालं नाही. त्रिशलाचा चेहरा चार वेळा काढला आणि चारही वेळा तो आमच्या कचेरीतल्या आवक-जावकवाल्या बाईंचा झाला. शेवटी तिला पाठमोरी बसवली.

मग रंग. साताऱ्यातल्या दुकानातून पिवळ्याच्या तीन ट्यूबा आणल्या. एक लिंबासारखा, एक शाळेच्या बसचा, एक झेंडूचा. तिन्ही चांगले पिवळे होते, पण खळ्यावरची धूळ त्यांतल्या एकाचीही नव्हती. तेव्हा लक्षात आलं की डब्यात तिचीच हळद आहे, त्याच शेवटच्या हंगामातली. हळकुंडं खलबत्त्यात कुटली, फडक्यातून गाळली, स्पिरिटमध्ये भिजवली, गाळून त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घातलं. कागदावर पहिला हात फिरवला आणि मी थांबले. तोच रंग. ताडपत्रीच्या कडा, पोत्यांच्या शिवणी, घागरीचा काठ, भुवयांना लागायचा तो. त्यातल्या थोड्या रंगाला चुन्याचं बोट लावलं तर लाल झाला, तो तिच्या लुगड्याला वापरला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या आठवड्यात आमटीला मीठ दोनदा पडलं.

गच्चीत त्याच वेळी ह्यांचे दोन बनियन डाग घालवायला उन्हात टाकलेले होते. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

चौकट केली, पण काच घातली नाही. कोयनानगरला वाढलेली माणसं भिंतीवर काच टांगत नाहीत, आणि जे टांगतात ते दोन खिळ्यांवर. मागे दोन कड्या लावल्या. हे लांबून बघून म्हणाले, "शिस्त आहे चित्रात." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळालेली नाही.

त्रिशला गाव सोडायची त्या दिवशी सकाळी मी गेले. टेंपो भरत होता. खळ्याच्या एका बाजूला शेडचे खांब आधीच उभे होते. मी चित्र तिच्या हातात दिलं. ती पायरीवर बसली आणि नेहमीसारखी तपासणी सुरू झाली.

"हीर बरोबर जागी हाय."

"हो. या वेळी हो."

"कुत्र्याचं नाकबी पिवळं केलंस." ती हसली. मग बोट आण्णांच्या टोपीवर थांबलं. थोडा वेळ ते तिथेच होतं. "झोपल्यात," ती म्हणाली. आणि मग, "माजं तोंड कुठाय?"

"तू काम करतेस. माझ्याकडे बघायला तुला वेळ नाही."

"तुला काडायला आलं न्हाई म्हन की."

"नाही आलं."

तिने चित्र नाकाजवळ नेलं. "हळद हाय व्हय ही?"

"तुझीच."

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण "बरं" म्हणाली आणि चित्र आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळायला लागली. मला वाटलं, बाई हेलावली. मीही जरा हेलावले. दोन खिळे मारायचे, हे तिला तीनदा सांगितलं.

पुढचं वर्ष मी ज्याला घाबरत होते तसंच गेलं. आधी आठवड्याला फोन, मग महिन्याला. बोलायला काही नसायचं. "पाणी येतं का?" "येतंय की." "लिफ्ट चालू आहे?" "चालू हाय." हळद कशी आहे, मजूर मिळाले का, कुकर कुणाचा आणला, असले प्रश्न संपल्यावर आमच्याकडे शब्दच नव्हते. दिवाळीला तिने फुलांचा फोटो पाठवला. मी तो पुढे पाठवला. पाठवल्यावर लक्षात आलं मी काय केलं ते.

माघ आला. कचेरीत काम होतं, सासूबाईंचा गुडघा होता, कारणांना काय तोटा. रजेचा अर्ज मी टाकलाच नाही. डब्यातली हळद अजून पुरणार होती, त्यामुळे जायला निमित्त नव्हतं. फाल्गुन लागला. एके दिवशी स्नेहलने फोनवर फोटो पाठवला: नव्या पडद्यांपुढे तिची आई, हातात वाटी. मी आईकडे पाहिलं, तब्येत बरी दिसली. मग मागच्या भिंतीकडे नजर गेली. माझं चित्र. बोटांनी फोटो मोठा केला.

चित्रात पिवळं काहीच उरलं नव्हतं.

काळ्या रेघा सगळ्या जागच्या जागी होत्या. ड्रम, पोती, विहीर, टोपी, पाठमोरी बाई. शाई पक्की होती, कचेरीची. पण धूळ गेली होती, आणि लुगड्याचा लाल विटकरी होऊन विटला होता. खाली उरला होता नुसता कागद. कुणी राहून गेल्यावर घर दिसतं तसं. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खिडकीचं ऊन पडलेलं फोटोतही दिसत होतं.

तेव्हा मला आठवलं. बाराव्या वर्षापासून जे ठाऊक होतं ते सगळं एकदम आठवलं. मी उठले, ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून हातोडी घेतली, चार खिळे घेतले, दुकानातली झेंडूच्या रंगाची ट्यूब आणि ब्रश पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मलकापूर. वाटेत मी भिंतींचा हिशोब करत होते: खिडकी पश्चिमेला असेल तर उत्तरेची भिंत सावलीत, चित्र तिकडे हलवायचं, पक्क्या रंगाने पुन्हा भरायचं, संध्याकाळी परत.

त्रिशलाने दार उघडलं. माझ्या पिशवीतून हातोडीचा दांडा बाहेर आला होता. तिने आधी तो पाहिला.

"कुनाला मारायला आलीस?"

"चित्र कुठे लावलंयस तू?"

"आत तर ये."

मी चपला काढून सरळ चित्रापाशी गेले. बाहेरच्या खोलीतली सगळ्यात उन्हाची भिंत होती ती. उरलेल्या तिन्ही भिंती रिकाम्या होत्या. दोन खिळे मात्र नीट, सांगितले तसे, सरळ रेषेत.

"इथे दिवसभर ऊन येतं," मी म्हणाले.

"येतंय की."

"उन्हात हळद उडते. तुला माहीत नव्हतं?"

"पस्तीस वर्सं हळदीत गेली माजी. मला इचारतीस?"

"मग देतानाच का नाही बोललीस? वास घेतलास की तू."

"तवाच वळखलं. म्हटलं, हिला सांगू का नको." तिने पदराने चौकटीवरची धूळ पुसली. "मग न्हाई सांगितलं."

"आणि मुद्दाम उन्हात लावलंस."

ती वळली. स्वयंपाकघरात गेली, पाणी आणलं, मला दिलं. मी पीत असताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "सावलीत लावलं आसतं तर धा वर्सं टिकलं आसतं. तूबी मग धा वर्सांनीच आली आसतीस."

मी पाणी पुरं प्यायले. ग्लास कुठे ठेवावा ते मला कळेना. ती म्हणाली ते शब्दशः खरं होतं. मी हातोडी घेऊन आले होते ती चित्र पक्कं करायला. ते एकदा पक्कं झालं असतं की माझं काम संपलं असतं, आणि काम संपल्यावर मी काय करते ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"झेंडूचा रंग आणलाय," मी म्हणाले.

"ठेव तुज्याकडंच. माज्याकडं हळद हाय."

तिने ओट्याखालून एक डबा काढला. शेवटच्या हंगामातली हळकुंडं. खलबत्ता पुढ्यात ओढला, फडक्यात मूठभर हळकुंडं बांधली आणि माझ्यापुढे हात पसरला. "ती हातोडी दे हिकडं. आदी फोडाय लागत्यात, न्हाईतर बत्त्याला जुमानत न्हाईत."

मी हातोडी दिली. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी वर येऊन विचारलं, काय चाललंय. त्रिशला म्हणाली, "हळद." त्यांना काही कळलं नाही, ते गेले. संध्याकाळी ऊन असेपर्यंत आम्ही रंगवत बसलो. ताडपत्रीच्या कडा मी, पोत्यांच्या शिवणी तिने. तिचा हात रेघेबाहेर जात होता. मी सांगितलं तर म्हणाली, "धूळ काय रेघ बगून बसती व्हय?" आणि सबंध वर्षात जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या तीन तासांत बोलून झालं. साडेपाचला तिने ताटं घेतली. दोघी एकदमच जेवलो, दिवस मावळायच्या आत.

त्यानंतर डब्यातलीच चार हळकुंडं तिने मातीत घालून बघितली. शिजलेली ती, उगवणार कुठून. मग दिरांकडे बांधाला उरलेल्या झाडांतून ओला गड्डा मागवला आणि गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावला. आता सहा बादल्या आहेत. माघात पानं वाळतात. ती बादल्या उलट्या करते, हळकुंडं घरच्याच कुकरमध्ये शिजवते, शिट्टी न लावता, आणि बाभळीचा काटा तिने कुठून मिळवला ते मी अजून विचारलेलं नाही. इमारतीच्या जिन्यात पहिल्या मजल्यापासून तो वास येतो. डोळे मिटून चढलं तरी कळतं, आलं घर.

परवा शर्ट वाळत टाकून खाली आले तर तिचा फोन. "पानं वाळली. चित्रबी पांडरंफटक पडलंय. कवा येतीस?"

मी रजेचा अर्ज टाकलाय. चार दिवसांचा.

ह्यांनी काल विचारलं, घरातली जुनी हातोडी दिसत नाही ती. मी म्हटलं, मलकापूरला आहे. तीन वर्षं? हो, तीन वर्षं. परत आणायची नाही का? मी म्हटलं, तिला लागते. ह्यांनी थोडा विचार केला आणि बाजारातून नवी आणली.